'डिस्टोपिया'ला मराठीत काय म्हणायचं?

एक भाषांतर करतेय आणि 'डिस्टोपियन' (कल्पनेतल्या भयावह समाजाबद्दलचा) या शब्दावर तीन दिवस अडून बसलेय. हुकूमशाही लिहिलं तर नुसतं राजकीय वाटतं, नरक लिहिलं तर मेल्यानंतरचं. कुणाला काही सुचतंय का?

---

आधी मूळ बघूया. इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ मध्ये युटोपिया (कल्पनेतला आदर्श समाज) हा शब्द ग्रीकवरून घडवला, अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. डिस्टोपियातला 'डिस' म्हणजे आपल्या दुर्दशा, दुर्गतीतल्या 'दुर्'चाच भाऊबंद, म्हणून मी 'दुर्लोक' सुचवेन. आणखी एक गंमत, १८६८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत हा शब्द वापरला तेव्हा त्याचा रोख होता की हे इतकं वाईट आहे की प्रत्यक्षात येणंच शक्य नाही. आज आपण नेमकं उलट्या अर्थाने वापरतो ना, की हे येऊ शकतं, सावध राहा! हा बदल कथा-कादंबऱ्यांनीच घडवला असं मला वाटतं.

---

'दुर्लोक' नाही पटलं, लगेच यमलोक आठवतो. डिस्टोपिया इथलाच असतो आणि मुख्य म्हणजे तिथे सगळं सुरळीत चाललेलं असतं. हक्स्लीच्या १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरीत लोक सोमा नावाची मन खूश ठेवणारी गोळी घेतात आणि खूश असतात, कुणाला चाबूक लागतच नाही. म्हणजे बेबंदशाही नव्हे, उलट बंद जरा जास्तच. आजकाल उद्ध्वस्त शहर नि झोंबी दिसले की डिस्टोपियन म्हणतात ते मला खटकतं, ती प्रलयकथा झाली.

---

'कुराज्य' कसं वाटतं, सुराज्यच्या उलट?

---

नको, कुराज्य म्हणजे गलथान कारभार.

मला शब्द झिजतात याचं जास्त वाईट वाटतं. चेक लेखक चापेकच्या १९२० च्या नाटकातून रोबो आला, मुळात चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून, आणि नाटकात तेच रोबो बंड करून माणसांना संपवतात, पण आता वेठही गेली नि भीतीही गेली, खेळणं तेवढं उरलं. ऑर्वेलच्या १९४९ मधल्या कादंबरीतला, सगळ्यांवर सतत नजर ठेवणारा बिग ब्रदर तर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये टीव्ही शो झाला, लोक आपणहून कॅमेऱ्यांच्या घरात राहायला गेले. पण सगळंच झिजत नाही हं. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर लोकांनी 'हंगर गेम्स' या डिस्टोपियन कथेतली तीन बोटांची खूण करून निषेध केला आणि त्यापायी काहींना ताब्यातही घेतलं. तिथे ती गोष्ट पुन्हा धारदार झाली.

---

मग डिस्टोपियाच ठेवते, 'सुरळीत' हा मुद्दा मला फार उपयोगी पडला, आभार. आता पुढचा अडलेला शब्द, ऑर्वेलचाच डबलथिंक. दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मनापासून खऱ्या मानणं. दुटप्पीपणा चालणार नाही, कारण दुटप्पी माणसाला खरं काय ते आतून माहीत असतं.