आजोबांची ३१५ रायफल: ठेवू, विकू की कायमची जमा करून टाकू?

मांगरकर:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय. आज लिहितोय, कारण परवा रात्री पुन्हा तेच झालं.

आमचं गाव तळकोकणात. अडीच एकर भात, थोडे काजू, घरामागे नारळ. भाताला लोंबी भरली की डुकरं येतात, यात नवीन काही नाही. वनक्षेत्रपालांकडे रीतसर अर्ज करून परवानगी घेतली होती. रात्री मांगराच्या (शेतातल्या खोपीच्या) माळ्यावर बसलो. दोनच्या सुमारास कळप उतरला. मोठी तीन, पिल्लं वेगळी. पुढचं डुक्कर तीस पावलांवर, बॅटरीच्या उजेडात उभं. चाप ओढला तर नुसतं 'टक्'. बोल्ट (गोळी चढवायचा खटका) मागे-पुढे केला, दुसरी गोळी चढवली. ती उडाली, पण लागली बांधाला. डुकरं गेली आणि जाताना लावणीच्या ओळीसारखी एक सरळ रांग तुडवून गेली.

सकाळी शेजारचे बाबल्याकाका बांधाचं भोक बघून म्हणाले, "ही बंदूक न्हय रे, दांडो आसा."

आता रायफलीबद्दल. ३१५ बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप), पाच गोळ्यांचं मॅगझीन, विलायती बनावट. आजोबांनी १९५४ साली बेळगावातल्या एका कुटुंबाकडून घेतली. इंग्रजांनी ३०३ हा लष्कराचा बोअर सामान्य माणसाला बंद ठेवला होता, म्हणून त्याच घडणीच्या रायफलीत ३१५ घालून त्या इकडे विकायचे. आजोबांचा तिच्याबरोबरचा फोटो ओटीवर आहे. एक पाय कशावर तरी ठेवलाय, पण कशावर ते फ्रेमवाल्याने कापलं. बिबट्या की डुक्कर, यावर घरात अजून एकमत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि रायफल चामड्याच्या पेटीत गेली. बाबांनी ती दसऱ्याला बाहेर काढून फूल वाहण्यापलीकडे काही केलं नाही.

२०१९ मध्ये बाबा गेले. तेराव्याच्या आधी रायफल पोलीस ठाण्यात जमा. मग वारसाचा परवाना. दोन बहिणी आणि मुंबईचे काका, सगळ्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. डोंबिवलीची बहीण सही करता करता म्हणाली, "विकून किती येतील ते तरी विचार." चौदा महिने गेले, म्हणजे दोन पावसाळे. हातात आली तेव्हा नळीवर नारिंगी साय धरलेली.

नंतर निवडणुका. २०२४ ला मार्चमध्ये आचारसंहिता लागली, जमा केली. जूनमध्ये आणली. ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची लागली, परत जमा. ती सुटली नोव्हेंबरच्या शेवटी. भात कधी कापतात ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. म्हणजे ज्या सहा आठवड्यांसाठी ही बंदूक बाळगायची, नेमके तेच सहा आठवडे ती मालखान्यात. परवान्यावर कारण लिहिलंय: शेतीसंरक्षण.

आजवर मी हिच्यातून अकरा बार ओढले. त्यातले चार वाजलेच नाहीत. उरलेल्या सातांपैकी एकही जिथे धरला तिथे लागला नाही. सराव करावा म्हणून एका रेंजवर चौकशी केली, तर म्हणाले २२ च्या वरची रायफल आत आणू नका. गावातली पोरं मला 'स्वप्नील' म्हणतात. पॅरिस ऑलिंपिकात नेमबाज स्वप्नील कुसाळेने पदक आणलं तेव्हापासून.

ही रायफल मुळात सरळ मारणारी आहे का, हे कसं ओळखायचं? बार न वाजण्याचं कारण काय असेल? आणि विकायची म्हटली तर कोण घेतं? आईपुढे 'विकणे' हा शब्द काढायची सोय नाही, म्हणून आधी इथे विचारतोय.

रोहीपीडित:

भाऊ, मी यवतमाळकडचा. आमच्याकडे डुकरासोबत रोहीही (नीलगाय) आहे. मोकळ्या रानात रायफल चालवायची मला तर भीती वाटते. गोळी हुकली की दोन-अडीच किलोमीटर सहज जाते, आणि मधे कोण शौचाला बसलं असेल काय माहीत. तुमच्याकडे वाड्या तर अजूनच जवळ. तुमची गोळी बांधात गेली हे नशीब समजा.

माझ्याकडे बारा बोअरची दुनळी आहे. तीस पावलांवर तिच्यासारखं दुसरं हत्यार नाही. तेही मी तीन वर्षांत दोनदाच वापरलं. सौर कुंपण केलं, तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन लावली, तेव्हापासून रात्री घरी झोपतो. रायफल विकून झटका मशीन घ्या. आईला सांगा की आजोबांनीच घेऊन दिली.

जुना_नेमबाज:

मांगरकर, मी कोल्हापूरचा, वय ७१. पन्नास वर्षं क्लबात काढली आहेत, त्यातली वीस लोकांच्या वाडवडिलांच्या बंदुका पुसण्यात.

आधी रागावतो. बार न वाजल्यावर तुम्ही लगेच बोल्ट उघडला, असं लिहिलंय. पुन्हा असं करू नका. जुनं काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, मगच बोल्ट. डुक्कर जाईना का. उघड्या बोल्टात पेटलेलं काडतूस मी एकदा पाहिलंय. त्या गृहस्थाचा डोळा वाचला, भुवई गेली.

आता सांगा: काडतुसं कुठली? न वाजलेल्याच्या टोपीवर (बुडाची गोल चकती, जिच्यावर पिन आपटून बार पेटतो) पिनेचा ठसा खोल आहे की नुसता खरचटल्यासारखा? खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर बोल्टातली स्प्रिंग थकली असेल, नाहीतर आत साठ वर्षांचं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालं असेल. दुसरी शक्यता जास्त. स्वयंपाकघरातलं खोबरेल घालणारेही भेटलेत मला.

आणि नळीत उजेडाकडे धरून बघा (बोल्ट बाहेर काढून, मॅगझीन रिकामं आहे याची दोनदा खात्री करून). आट्यांच्या (नळीतल्या पिळाच्या खाचांच्या) कडा धारदार दिसतात की देवीचे व्रण असावेत तसे खड्डे?

मांगरकर:

काका, लिहायला लाज वाटते. काडतुसं आजोबांची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती, परवान्यावर नोंद आहे. नवीन मिळतात का म्हणून दोन दुकानांत फिरलो, दोन्हीकडे 'पुढच्या महिन्यात या'. मग म्हटलं आहेत ती वापरू. न वाजलेल्या चारही टोप्यांवर ठसा खोल आहे, आत्ताच बघितलं.

नळीत खड्डे आहेत. मधल्या भागात जास्त, तोंडाकडे कमी. मला वाटलं मालखान्यातल्या दोन पावसाळ्यांचे असतील.

जुना_नेमबाज:

बाहेरची नारिंगी साय मालखान्याची. आतले खड्डे बहुधा आजोबांच्या काळचे, पोलिसांना त्याचं पाप देऊ नका. त्या वेळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो. तो मिठाचाच भाऊ, हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलाने तो विरघळत नाही, नुसता तेलाखाली झाकला जातो. त्याला लागतं पाणी. आमचे उस्ताद शिकारीहून आल्यावर चहाच्या आधी नळीसाठी आधण ठेवायला लावायचे. उकळतं पाणी नळीतून ओतायचं, नळी तापली की स्वतःच सुकते, मग तेल. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तुमच्या मुलखात एक रात्र चुकली तरी नळी खाल्ली जाते. आजोबा तेल लावत असतील, मनापासून लावत असतील. पाणी कोणी सांगितलं नसेल.

तुमचे ते सात बारही त्याच काडतुसांचे, म्हणजे तुम्हीही तीच चूक केली आहे. आज रात्रीच गरम पाणी. उरलेली काडतुसं वापरू नका. दुकानदाराकडे किंवा ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्या.

खड्डे असले म्हणजे नळी मेली असं नाही. खड्ड्यांची नळीही कामापुरतं सरळ मारू शकते. तोंडाकडचे शेवटचे दोन इंच ठीक हवेत. तिथे वेगळा रोग असतो: दोरीने चिंधी ओढून साफ करताना दोरी दरवेळी एकाच बाजूला घासते आणि भोक अंड्यासारखं होतं. ते डोळ्यांनी कळत नाही, गेज (भोक मोजायचं माप) लागतो.

पेन्सिल्वेनियाचा_पंत:

मांगरकर, तुमच्या दुःखात मीही सामील, फक्त माझी रायफल नवी कोरी होती. मूळचा चिपळूणचा, इथे बारा वर्षं. ऑफिसातल्या लोकांबरोबर हरणाच्या सीझनला जायला लागलो. इथे तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, अंगावर २५० चौरस इंच भगवा घालायचा नियम (आईला फोटो पाठवला, तिला वाटलं वारीला गेलोय). पहिली रायफल स्वस्तातली घेतली, ३०८ ची, कंपनी सांगत नाही. शंभर यार्डांवर एकाच नेमाच्या गोळ्यांचा चार इंचांचा पसारा. चांगल्या रायफलीचा एक इंच, दीड इंच असतो. वर दुर्बिणीचे स्क्रू दर वीस गोळ्यांनी ढिले. बारीक नळी तापली की चौथी गोळी वर जायची. तीन प्रकारची काडतुसं बदलून पाहिली.

शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्याने खिशातून एक डॉलरची नोट काढली, नळी आणि दस्त्याच्या (नळीखालच्या धरायच्या भागाच्या) मधे सरकवली. अर्ध्यात अडकली. दस्ता प्लास्टिकचा, टेकून धरला की वाकून नळीला एका बाजूने लागायचा. तेवढी बाजू घासली, पसारा दोन इंचांवर आला. तुमची लाकडी आहे, कोकणात लाकूड फुगतं. दहाची नोट घालून बघा.

बाकी, तुमच्या अकरा बारांचं वाचून गप्प झालो. मी एका दुपारी साठ उडवतो आणि वर रायफलीला नावं ठेवतो.

जुना_नेमबाज:

पंतांचा सल्ला त्यांच्या रायफलीला बरोबर, या रायफलीला अर्धाच बरोबर. मांगरकर, नोट घालून बघा, पण हातात कानस घेऊ नका. ली घडणीच्या, म्हणजे तुमच्यासारख्या ३०३ च्या घाटाच्या रायफलीत पुढचं लाकूड ठरावीक जागी टेकलेलंच असावं लागतं. मागे, जिथे यंत्र लाकडात बसतं, तिथले दोन छोटे खांदे धक्का झेलतात. ते झिजले किंवा चिरले की प्रत्येक बाराला नळी नव्या जागी बसते आणि माणूस माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला) शिव्या देतो. पावसाळ्यात लाकूड फुगून एकीकडे मारते, मे महिन्यात सुकून दुसरीकडे, हेही खरं. हे काम परवानाधारक गनस्मिथचं. चुकीच्या जागी घासलेलं लाकूड परत येत नाही.

रोहीपीडितांचंही ऐका. रात्री, तीस पावलांवर, झाडीत, वाडीच्या कडेला रायफल हे हत्यारच नव्हे. ३१५ दिवसा, डोंगरउतारावर, मागे माती असताना मारायला केलेली. तुम्ही तिच्याकडून जे मागताय ते ठासणीच्या बंदुकीचं काम आहे. तुमच्या बाबल्याकाकांच्या घरी होती का एखादी?

खोडरबर:

फोटो टाका की राव. (नंबर झाकून.)

मांगरकर:

नंबर झाकून फोटो उद्या टाकतो. आज पेटीसकट ओटीवर काढली आहे आणि आई समोर बसून आहे, त्यामुळे फार हालचाल करता येत नाही.

नोट घातली. उजवीकडे सरकते, डावीकडे बोटभर आत जाऊन थांबते. कानस नव्हतीच, आता घेणारही नाही. यंत्राच्या मागे लाकडाला एक केसासारखी चीर दिसतेय, नखाला लागते. बहुतेक काका म्हणतात तीच.

पाणी मघाशीच ओतलं. पहिल्यांदा चहासारखं काळं आलं, मग तांबूस, चौथ्या किटलीला स्वच्छ. आईने विचारलं हे काय, तर तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझे आजोबा गोडेतेल लावायचे, मीच वाटी द्यायचे.

होय काका, बाबल्याकाकांकडे ठासणीची होती. त्यांच्या वडिलांनी तिने डुकरं मारलेली मी लहानपणी बघितलीयत, आणि आमच्या विलायती रायफलीने एकही नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, परवापर्यंत.

झटका मशीनची चौकशी सोमवारी करतो. अडीच एकराला किती तार लागेल, रोहीपीडित भाऊ, तुम्ही अंदाज द्या. एका बाजूला व्हाळ (ओढा) आहे, तिकडून तार कशी नेतात तेही सांगा, कारण डुकरं व्हाळातूनच चढतात.

रायफल विकत नाही, निदान या वर्षी. पण तिच्या भरवशावर माळ्यावरही बसत नाही.

जुना_नेमबाज:

गोडेतेल! खोबरेलापेक्षा वाईट. वाळलं की वार्निश होतं. बोल्टही उघडून धुवावा लागेल.

आमच्या क्लबाला वर्षातून दोनदा पोलिसांचं फायरिंग बट (गोळीबाराच्या सरावाचं मैदान) मिळतं, मोठ्या बोअरसाठी. पुढचं डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. आधी शनिवारी गनस्मिथकडे जाऊ, तो गेज लावेल, खांद्यांची चीर बघेल. तो हो म्हणाला तरच रविवारी बार. नवी दहा काडतुसं मिळाली तर आणा, नाहीतर नुसती रायफल आणा. परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा, जिल्ह्यापुरता असेल तर घाट चढू नका.

मांगरकर:

बघितलं. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलंय. जिल्हा परिषदेच्या निवडणुका मधे लागल्या नाहीत तर शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. आईची एकच अट आहे, चामड्याची पेटी बदलायची नाही. तिचा एक पट्टा तुटलाय. कोल्हापुरात तो शिवून देणारा कोणी चांभार माहीत असेल तर शनिवारीच तेही उरकू.