अनुभव धागा : बी, चार, दोन – शूटर गेमच्या पुढच्या भागाने किती बदलावं?

मूळ पोस्ट

मागच्या महिन्यात भाचा राहायला आला होता, अकरावीतला. त्याने लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइक २ लावलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "मामा, तू खेळायचास ना? दाखव खेळून."

मी हा खेळ शेवटचा खेळलो २००६ साली, कोथरूडमधल्या एका तळघरातल्या सायबर कॅफेत. तासाला पंधरा रुपये, दहा मशीन, काउंटर-स्ट्राइकची १.६ आवृत्ती आणि कायम डस्ट टू हाच नकाशा. भाच्यानेही डस्ट टूच लावला होता. खेळातले पैसे जमल्यावर खरेदीचा मेनू उघडला, तर त्याचं रूप पार बदललेलं. पण डोळे ते वाचेपर्यंत बोटं दाबून मोकळी झाली होती: बी, चार, दोन. १.६ मध्ये टेररिस्टांच्या बाजूने खेळताना एके-४७ अशीच घ्यायची. सतरा-अठरा वर्षं त्या तीन कळा मला एकदाही आठवल्या नव्हत्या.

पुढे पायही तसेच चालले. लाँगची दारं, दारं ओलांडली की खड्डा, मग ए साइट, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक. डेव्ह जॉन्स्टनने हा नकाशा २००१ मध्ये केला. भिंतींचा रंग, ऊन, दगड सगळं नवं आहे, पण कुठे दबकायचं ते मला कुणी सांगावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र सापडेना. टेररिस्टांच्या सुरुवातीच्या जागेवरून मधल्या दारांच्या, म्हणजे मिड डोअरच्या, फटीतून पलीकडचं दिसायचं, आणि राउंड सुरू होताहोताच एडब्ल्यूपी या लांब पल्ल्याच्या रायफलीची पहिली गोळी त्या फटीतून जायची. ती नजर आता बंद केली आहे. भाचा म्हणाला, "२०२२ मध्येच केली, मामा. माणूस हलायच्या आत मरायचा, बरोबर होतं का ते?" बरोबर नव्हतं. तरी त्या फटीसमोर मी थोडा वेळ उभा राहिलो.

मिन ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळावर हौसेने चढवलेला हा मॉड, म्हणजे दुसऱ्याच्या खेळात फेरफार करून केलेला खेळ. २००३ मध्ये १.६ आलं, २००४ मध्ये सोर्स, २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह (आपलं जीओ), २०२३ मध्ये २. इतक्या वर्षांत पहिल्या, पिस्तूल राउंडला मिळणारे ८०० डॉलर आणि एडब्ल्यूपीच्या किमतीचे ४७५० हलले नाहीत. बाकी बरंच हललं.

तर लिहा. कोणता बदल अंगवळणी पडला, कोणता सलत राहिला, कशामुळे खेळच सुटला. काउंटर-स्ट्राइकच हवं असं नाही. कुठलीही लांबलेली मालिका चालेल.

खोली नंबर ४२

आमच्या वसतिगृहात हा प्रश्न आवडीचा नव्हता, ग्राफिक्स कार्डाचा होता. मी २००५ ते २००९ कराडला इंजिनिअरिंग केलं. मजल्यावर चौदा कॉम्प्युटर, त्यातल्या दोनांतच वेगळं कार्ड. १.६ सगळीकडे पळायचं. खिडकीतून वायर टाकून खोल्या जोडल्या होत्या आणि रात्री अकरानंतर वरच्या मजल्याशी सामना असायचा.

मग एकाने सोर्स आणलं. पिंपं घरंगळत होती, पडलेला माणूस जिन्यावरून खराखुरा कोसळत होता. आम्ही दाराशी गर्दी करून बघत उभे. पण माझ्या मशीनवर ते अडखळत, चित्रं मोजावीत असं चालायचं. पंधरा दिवस दोन गट पडले. कार्डवाले आणि त्यांच्या खोलीत जाऊन खेळणारे एकीकडे, आम्ही बाकीचे दुसरीकडे. सामना काही जमेना. शेवटी कार्डवालेच परत आले, कारण दोघांनी मिळून पाच विरुद्ध पाच होत नाही.

पुढे कळलं की जगभरही असंच झालं होतं. बड्या स्पर्धा बऱ्याच अंशी १.६ लाच धरून राहिल्या, काही सोर्सकडे गेल्या, आणि हे दोन प्रवाह जीओमध्ये एकत्र यायला २०१२ उजाडलं. म्हणून माझं म्हणणं असं, की पुढच्या भागाने काय बदललं याच्या आधी त्याने किती जणांना मागे ठेवलं ते बघावं. बदल वाईट नव्हता. तो आमच्या खोलीत मावला नाही.

स्मोकवाली

मी मूळची नाशिकची, २०१६ पासून खेळते. नेमबाजीत मी साधारण आहे, माझी ओळख ग्रेनेडची. मिराज या नकाशावर खिडकी, जंगल, जिना, सगळीकडचे स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड, मला झोपेत टाकता यायचे. ते शिकायला किती रात्री रिकाम्या सर्व्हरवर घालवल्या ते आईला ठाऊक आहे. त्यातही एक कटकट होती. जीओच्या स्वतःच्या सामन्यांत सर्व्हर ६४ टिकचे, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा खेळाची नोंद घेणारे, बाहेरच्या स्पर्धांच्या मंचावर १२८ टिकचे. उडी मारून टाकलेला तोच स्मोक एकीकडे खिडकीत बसायचा, दुसरीकडे चुकायचा. म्हणून मी दोन वह्या ठेवल्या होत्या.

२ आलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. धूर आता चित्रासारखा चिकटवलेला नाही, तो जागा भरतो. दारातून आत शिरतो, जिन्यावरून उतरतो. गोळी गेली की त्यात क्षणभर भोक पडतं, हातबॉम्ब फुटला की धूर फाटतो आणि पुन्हा मिटतो. दोन्ही बाजूंना तो सारखाच दिसतो, त्यामुळे जुनी ती एकतर्फी धुराआडून मारायची युक्ती संपल्यात जमा झाली. माझ्या वहीतलं थोडं गेलं, बरंचसं राहिलं. आणि दोन वह्यांची गरज संपली.

पहिल्या आठवड्यात एकाने माझा स्मोक हातबॉम्बने फाडला आणि त्या दीड-दोन सेकंदांत आमचे दोघे टिपले. मला राग यायला हवा होता. मी त्याला चॅटमध्ये विचारलं, कुठून टाकलास? त्याने सांगितलं, आणि आम्ही अजून एकत्र खेळतो. ज्या बदलाने मला पुन्हा विद्यार्थी केलं, तो मला हवा आहे.

पण सामना छोटा केला ते मला अजून पटलेलं नाही. आधी १६ राउंड जिंकायचे, आता १३. एक पिस्तूल राउंड हरला की त्याचं ओझं वाढतं. जीओमध्ये आम्ही पहिल्या डावात ३-१२ ने मागे होतो आणि १६-१४ ने जिंकलो, ती रात्र मला लांब सामन्याने दिली. खेळाच्या आतलं काही बदलताना त्यांनी विचार केला, वेळ कापताना मात्र आमचा विचार केला असं वाटत नाही.

डावखुरा

माझं थोडक्यात. १.६ पासून बंदूक पडद्यावर डाव्या हातात घेऊन खेळतो. २ आलं तेव्हा ती सोयच नव्हती. सात महिने मला कोपऱ्यांवर सगळं उलटं वाटत होतं. एप्रिल २०२४ मध्ये ती परत आली, आणि आता तर खेळताखेळता एका कळीने हात बदलता येतो. उजव्या कोपऱ्यावर एक हात, डाव्यावर दुसरा. म्हणजे जे काढलं होतं ते आधीपेक्षा चांगलं होऊन आलं. फक्त, पहिल्या दिवशीच का नव्हतं? अशा गोष्टी थोड्याच लोकांना लागतात म्हणून यादीत खाली जातात.

एकटा शिपाई

माझी मालिका कॉल ऑफ ड्यूटी. मी चिपळूणचा. आमच्याकडे त्या काळी ऑनलाइन खेळण्याइतकं इंटरनेट नव्हतं, म्हणून माझ्यासाठी हा खेळ म्हणजे गोष्टच. २००७ चं मॉडर्न वॉरफेअर मुंबईहून मामेभावाने डीव्हीडीवर आणलं. प्रिप्याट या युक्रेनमधल्या ओसाड शहराच्या गवतात कॅप्टन मॅकमिलनच्या मागे पोटावर सरपटत जायचं आणि वरून शत्रूची अख्खी तुकडी चालत जायची. मी श्वास धरून बसलो होतो, आणि बाहेर कोकणातला पाऊस. आजही जोराचा पाऊस आला की मला ते गवत दिसतं.

ही मालिका २००५ पासून दर वर्षी येते, त्यामुळे बदलाची घाई तिच्या पाचवीलाच पुजली आहे. २०१४ मध्ये अंगावर यांत्रिक सांगाडा चढवून हवेत उड्या सुरू झाल्या. २०१६ च्या इन्फिनिट वॉरफेअरने थेट अंतराळ गाठलं, आणि त्याच्या पहिल्या झलकीवर लोकांनी नापसंतीचा पाऊस पाडला. पुढच्या वर्षी मालिका दुसऱ्या महायुद्धात, जमिनीवर परत. पण मी इथे इन्फिनिट वॉरफेअरची बाजू घेणार आहे. ऑनलाइन खेळणाऱ्यांना उड्या नको होत्या, ते ठीक. त्याची गोष्ट मात्र मनापासून लिहिलेली होती. जहाजावरची माणसं, तो ईथन नावाचा यंत्रमानव, मोहीम संपल्यावर ऐकू येणारे मेलेल्या सैनिकांचे घरच्यांसाठीचे निरोप. मी ते सगळे निरोप बसून ऐकले.

मग २०१८ ला ब्लॅक ऑप्स ४ आलं आणि त्यात एकट्याने खेळायची मोहीमच नव्हती. उड्या वाढवा, कमी करा, शतक बदला, मी जुळवून घेतो. पण घराला नवा रंग देताना एक खोलीच बुजवली, तर त्या खोलीत राहणाऱ्याने कुठे जायचं? पुढच्या वर्षी मोहीम परत आली, मीही परत आलो.

दोन कंट्रोलर

शिपाई दादा, तुमची ती खोली आमच्या घरातही होती. आम्ही न्यू जर्सीत वाढलो, मी आणि माझा मोठा भाऊ. आमची मालिका हेलो. एक टीव्ही, मधोमध रेघ, वर तो, खाली मी. हेलो ३ चा शेवट सगळ्यात अवघड पातळीवर आम्ही अख्ख्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरा केला. पायाखालची जमीन फुटत जाते आणि गाडी पळवायची असते. आई जेवायला हाका मारायची आणि आम्ही एका सुरात "पाच मिनिटं" म्हणायचो.

२०१५ ला हेलो ५ आलं तेव्हा दादा नोकरीसाठी टेक्सासला होता. थँक्सगिव्हिंगला घरी आला, मी गेम आणून ठेवला होता, दोन कंट्रोलर चार्ज करून. त्यात एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती. मालिकेच्या मुख्य भागांत असं पहिल्यांदाच झालं होतं. खेळ स्वतः चपळ होता. तो बाजूला झेपावण्याचा धक्का मला पुढे फार आवडला. पण त्या रात्री आम्ही हेलो ३ पुन्हा लावलं.

मला बंदुकांचं, वेगाचं काही सांगायचं नाही. सोफ्यावर शेजारी बसलेला माणूस हाही त्या खेळाचा भाग असतो, एवढंच सांगायचं आहे.

नरकाचा नियमित प्रवासी

सगळेच जुन्याची बाजू घेताहेत, म्हणून मी उलट बोलतो. डूम बघा. १९९३ चा डूम म्हणजे धाव आणि गोळीबार. २००४ च्या डूम ३ ने त्याची भयकथा केली. काळोख, आणि हातात एक तर टॉर्च, नाही तर बंदूक. तेव्हा मी चिडलो होतो. आज वाटतं, त्या टॉर्चने मला जेवढं घाबरवलं तेवढं नंतर कुणी नाही. २०१२ च्या आवृत्तीत टॉर्च चिलखतावर बसवला, सोयीचं झालं आणि भीती पातळ झाली.

मग २०१६ चा डूम. आडोशाला लपून जखमा भरून यायची वाट बघायची, ही त्या काळच्या शूटरांची रीत त्याने मोडली. जीव हवाय? शत्रूच्या अंगावर जा, त्याला हातांनी संपव, त्यातून मिळेल. २०२० च्या इटर्नलमध्ये गोळ्या संपल्या की करवत चालवायची आणि शत्रूतूनच गोळ्या काढायच्या. १९९३ मध्ये यातलं एकही कलम नव्हतं. तरी मला तो माझ्या लहानपणीचा डूम वाटला, कारण पुढे पळ, थांबू नकोस, हे त्याने सोडलं नाही. नुसती बंदुकांची नावं आणि नकाशे जपून हे आलं नसतं.

मूळ पोस्ट (पुन्हा)

स्मोकवाली ताई, तुमच्या दोन वह्यांचं भाच्याला वाचून दाखवलं. नरकवाल्यांचा मुद्दा मला दोन दिवस छळतो आहे. कारण १.६ मध्येच ढाल आली होती, आणि आमच्या कॅफेत तिच्यावर बंदी होती. मोठ्या स्पर्धांतही नसायची, पुढे मुख्य खेळातून ती गेलीच. डिसेंबर २०१५ मध्ये जीओत आर-८ रिव्हॉल्व्हर आलं, एकच गोळी अंगावर लागली तरी माणूस आडवा. दोन-तीन दिवसांत त्याचे दात काढावे लागले. म्हणजे बदल करून बघणं, चुकणं, मागे घेणं हे या खेळात सतत चालू होतं. आम्हाला तो स्थिर वाटला, कारण टिकलेलंच आम्हाला आठवतं.

वाड्याचा नकाशा

धागा रोज वाचतोय, आज लिहितो. मी खेळाडू कमी, नकाशे करणारा जास्त. २००४ साली मी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा १.६ साठी नकाशा केला होता. चौक, मधे विहीर, माडी, मागचं न्हाणीघर. बॉम्बच्या दोन जागा: विहीर आणि माडी. त्यात पहिलं भांडण जिन्याशी झालं. आमचा जिना इतका उभा होता की मापाने बांधला तेव्हा खेळाडू चढेचना. त्या इंजिनात पायरी १८ एककांहून उंच झाली की माणूस अडतो. मग पायऱ्या वाढवल्या, जिना चौकात पुढे आला, त्यामुळे विहीर सरकली. वडील बघून म्हणाले, "विहीर इथे नव्हती." पण तो आपलाच वाडा आहे हे त्यांनी ओळखलं.

हा खेळच मुळी कुणी तरी हौसेने दुसऱ्याच्या खेळात घुसून केलेला. म्हणून मी नव्या भागात पहिल्यांदा हे बघतो, की नकाशे करायचं दार उघडं ठेवलंय की नाही. २ मध्ये ठेवलंय. पण १.६ चा नकाशा जसाच्या तसा चालत नाही, बरंच नव्याने बांधावं लागतं.

वाडा २०११ मध्ये पडला, तिथे आता सात मजली इमारत आहे. सीडीवरची मूळ फाइल मात्र अजून उघडते. हा धागा सुरू झाल्यापासून मी रात्री थोडं थोडं बांधतोय. चौक झाला, माडीचे खांब झाले. विहीर या वेळी तिच्या खऱ्या जागी घेतली आहे. जिन्याची जागा रिकामी ठेवलीय. वडील रविवारी येतील, तेव्हा त्यांना शेजारी बसवून पायऱ्या मोजणार आहे.