प्लग बदलल्यापासून गाडी चढावर धक्के देते, आयडल १३०० वर अडकलंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावचा. गाडी २०१५ ची, छोटी पेट्रोल, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी) इलेक्ट्रॉनिक. ८८ हजार किलोमीटर झालेत. काही तक्रार नव्हती, हे आधी सांगतो. प्लगांची मुदत उलटून गेली होती म्हणून रविवारी सकाळी निंबाखाली गाडी लावली आणि एका बैठकीत चार कामं केली: ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, तिन्ही प्लग, आणि थ्रॉटल बॉडी स्प्रे मारून फडक्याने साफ.

गाडी लगेच चालू झाली, पण आयडल, म्हणजे पाय न दाबता इंजिनचे मिनिटाला फेरे, १३०० च्या आसपास. आधी ८०० ला स्थिर असायचं. इंजिन तापल्यावर खाली येईल असं वाटलं, आलं नाही. संध्याकाळी पाटणादेवीला जाऊन आलो. सपाटीला ठीक. चढ लागला आणि चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की खाड्‌ खाड्‌ धक्के, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. पाय सैल केला की धक्के थांबतात, दिवा मात्र पेटलेलाच राहतो. मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर कोड एकच आला, पी ०३०२.

तपासलं ते असं. ऑइल काडीवर दोन खुणांच्या मध्ये आहे. तिन्ही कॉइलचे सॉकेट पुन्हा काढून बसवले, टक्‌ आवाज येईपर्यंत. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागलेल्या आहेत. बॅटरीला हात लावलेला नाही.

एक गोष्ट मनात घोळतेय. मधला प्लग बसवताना पाना थोडा तिरका गेला होता. माझ्याकडे टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नाही. हाताने टेकवून मग अंदाजाने आवळले. प्लगच्या टोकाची, ठिणगी पडते ती गॅपही मोजली नाही, खोक्यातून काढले तसेच लावले.

गावातल्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर न लावताच तिन्ही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) बदलायला सांगितलं. ते मला पटत नाही. शनिवारपर्यंत जी गाडी लोण्यासारखी चालत होती, तिचे इंजेक्टर नेमके मी प्लग बदलले त्याच दिवशी कसे जातील? बिघाड माझ्याच हातून झालाय, फक्त कुठे ते सापडत नाही.

घाई यासाठी की गुरुवारी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला संभाजीनगरला न्यायचंय, म्हणजे कन्नडचा घाट चढायचाय. ती एकच वाक्य बोलली, "चांगली चालत व्हती, हात कसाले लावा तू?" तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद, भुसावळहून

भाऊ, पहिले हे ऐक. दिवा लुकलुकतोय तोवर घाटात गाडी घालू नको. नुसता पेटलेला दिवा म्हणजे सवडीने बघ, लुकलुकणारा म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तो वितळला तर खर्च प्लगाच्या कित्येक पट.

पी ०३०२ म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे दोन नंबर, तुझा मधलाच. आता एक पैसाही न घालवता करायचं काम: दोन नंबरची कॉइल तीनवर लाव, तीनची दोनवर. कोड पुसून टाक, थोडी चालव. पी ०३०३ आला तर कॉइल गेली. पुन्हा ०३०२ च आला तर कॉइल निर्दोष, प्लग बाहेर काढ. प्लगांचीही अशीच अदलाबदल करता येते, पण एका वेळी एकच गोष्ट हलव. दोन हलवल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

आयडलचं दुखणं मला वेगळं वाटतं. थ्रॉटलच्या पाकळीभोवती वर्षानुवर्षं काजळी साचते, तेवढी हवा कमी जाते, म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पाकळी किंचित जास्त उघडून ठेवायला शिकलेला असतो. तू काजळी काढलीस, त्याची सवय तीच राहिली. पण आधी हवा कुठून शिरत नाही ना ते बघ. थ्रॉटलच्या मागच्या सगळ्या नळ्या हाताने दाबून बघ. रबरी पाइपाचा हातभर तुकडा घे, एक टोक कानाशी, दुसरं नळ्यांच्या जोडापाशी फिरव. गळती असेल तर सूंऽऽ असा आवाज येतो. फॅन आणि पट्ट्यापासून हात आणि पाइप लांब ठेव. गरम इंजिनवर स्प्रे मारून गळती शोधायला सांगणारे भेटतील, ते करू नको, पेट घेतं.

प्रतिसाद, अमळनेरहून

वरच्या भाऊंचं बरोबर आहे. एक भर. प्लग काढशील तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो पहाटे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेल्या हेडमधून प्लग ओढला तर आटे जातात. आपल्याकडच्या उन्हात दुपारी उभी केलेली गाडी संध्याकाळपर्यंत थंड होत नाही. वायसर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, बस. आणि पान्याच्या आत रबर आहे ना बघा, नसेल तर प्लग आत कलंडतो.

धागाकर्ता, मंगळवार रात्र

सापडलं. दोन्ही सापडलं!

कॉइलची अदलाबदल केली, बायपासला फिरवून आणली, कोड पुन्हा ०३०२. आज पहाटे पाचला मधला प्लग काढला. टोक ओलं, पेट्रोलचा वास. वरकरणी चिनीमाती पांढरीशुभ्र. मोबाइलची बॅटरी लावून फिरवत गेलो तेव्हा वरच्या टोकापासून षटकोनापर्यंत केसासारखी एक काळी रेघ दिसली. नखाला लागतही नव्हती. फडक्याने पुसली, गेली नाही. माझ्या पान्यात रबर नाही, तेव्हा तडा तिरक्या पान्यानेच गेला.

मग चढावरच धक्के का, तेही उमजलं. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त, दाब जास्त, ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा वीज गॅप सोडून तड्याची सोपी वाट धरते आणि बाहेरूनच धातूत उतरते. सपाटीवर ही वेळ येत नाही.

आयडलचं कारणही माझंच. थ्रॉटलमागची बोटाएवढी नळी अर्धीच चढवली होती, क्लिप तिच्या अलीकडेच बसलेली. पाइपाचा तुकडा कानाला लावल्याबरोबर सूं ऐकू आलं. नळी नीट बसवल्यावर आयडल ९५० ला आलं. मग ईसीयूची जुनी सवय पुसायला बॅटरीची निगेटिव्ह वायर १५ मिनिटं काढून ठेवली, लावल्यावर काही न दाबता इंजिन १० मिनिटं चालू ठेवलं. आता ८०० ला स्थिर.

नवा प्लग गॅप मोजून लावला. संध्याकाळी एकटाच कन्नड घाटाची पहिली काही वळणं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवली. एकही धक्का नाही, दिवा नाही. भुसावळ आणि अमळनेरच्या भावांनो, तुमचे उपकार विसरणार नाही.

एकच शंका उरली. दिवा लुकलुकत असताना पाटणादेवीची जाऊन-येऊन फेरी झालीय. कन्व्हर्टरला काही झालं असेल का, घरच्या घरी कसं ओळखू?

प्रतिसाद, भुसावळहून

एवढ्या अंतरात, तेही फक्त चढावर, सहसा काही होत नाही. तरी तीन गोष्टींवर लक्ष ठेव: वरच्या आरपीएमला गाडी गुदमरल्यासारखी ओढ सोडते का, इंजिन बंद-चालू करताना खालून खुळखुळ येते का, आणि पी ०४२० कोड, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. महिनाभरात यातलं काही आलं तर इथेच लिही. गुरुवारी मावशींना घेऊन जा, स्कॅनर गाडीत राहू दे. पान्यात घालायचा रबर आजच घेऊन ये.