निम्मेच रंग पुरतात
प्रश्न असा आहे: कॉर्डल ग्राफच्या (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांची अशी आकृती, जिच्यात ४ किंवा जास्त लांबीच्या प्रत्येक चक्राला जीवा, म्हणजे लगतचे नसलेले दोन बिंदू जोडणारी कड, असते) कडांना बाणांनी दिशा दिल्या, शिरोबिंदू (हेच बिंदू) रंगवले आणि ‘एकाच रंगाच्या शिरोबिंदूंमध्ये दिशायुक्त चक्र (बाणांमागून जात परत सुरुवातीला आणणारी वाट) नको’ एवढीच अट ठेवली, तर रंग किती लागतील. सर्वांत मोठ्या क्लिकमध्ये (एकमेकांशी सगळे जोडलेले असलेल्या शिरोबिंदूंच्या गटात) क शिरोबिंदू असतील तर क रंग पुरतात हे उघड आहे, पण ती निव्वळ उधळपट्टी झाली.

एकरंगी चक्राची लांबी ४ किंवा जास्त असेल तर त्यात जीवा असतेच, आणि तिचा बाण कुठल्याही दिशेला असो, एका बाजूला आणखी लहान चक्र मिळतंच. म्हणजे धास्ती फक्त त्रिकोणांची.

आता विलोपन क्रम (शिरोबिंदू एकेक काढत जाण्याचा असा क्रम, की काढताना प्रत्येकाचे उरलेले शेजारी एकमेकांशी जोडलेले असतात) उलटा घ्या आणि रंगवत चला. नव्या शिरोबिंदूचे आधी रंगवलेले शेजारी फार तर क−१. एखादा रंग त्याला वर्ज्य व्हायला त्या रंगाचे निदान दोन शेजारी लागतात: एकाकडून बाण येतो, दुसऱ्याकडे जातो. म्हणून क = ७ असेल तर वर्ज्य रंग जास्तीत जास्त ३, आणि ४ रंगांत काम भागतं. (एकाच कडेवर दोन्ही दिशांना बाण, अशा दुहेरी बाणांना परवानगी दिलीत तर हे सगळं ढासळतं.)

‘प्रत्येक प्रवर्तित (म्हणजे जीवा नसलेलं) दिशायुक्त चक्र त्रिकोणच’ एवढीच अट असलेल्या दिशायुक्त ग्राफशी मात्र याची गल्लत नको. तिथे संक्रामक त्रिकोण (ज्याचे बाण चक्र बनवत नाहीत असा) एकही नसला तरी रंग वाटेल तितके वाढू शकतात.