‘बरो’ला मराठीत काय म्हणावं? टेकडी, टेकाड, की आणखी काही?

प्रश्न
युरोपातल्या प्रागैतिहासिक दफनांवरचा लेख मराठीत लिहितोय. ‘बरो’साठी, म्हणजे दफनावर रचलेल्या मातीच्या उंचवट्यासाठी, ‘टेकडी’ लिहिलं, पण ती निसर्गानं घडवलेली वाटते. ‘टेकाड’ चालेल का? आणि ‘ॲनॉमली’साठी, म्हणजे न खोदता केलेल्या जमिनीच्या मोजणीत आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा येतो त्यासाठी, कोशातली ‘विसंगती’ खटकते.

उत्तर
टेकाड चालेल, पण नुसतं नको. त्यानं पांढर आठवते, म्हणजे एकाच जागी पिढ्यानपिढ्या घरं बांधली, पडली आणि त्या मातीचा उंचवटा झाला. तिथं माणसं राहिली. बरो म्हणजे मृतांवर मुद्दाम रचलेली माती. म्हणून ‘दफन-टेकाड’. ‘थडगं’ अपुरं पडतं, कारण त्याच टेकाडात पुढच्या पिढ्यांनीही दफनं केलेली असतात. ‘कुर्गान’ तसाच ठेवा, ते स्टेपमधल्या, म्हणजे युरेशियाच्या गवताळ मैदानांतल्या, टेकाडांचं रूढ नाव आहे. आपलं ‘शिळावर्तुळ’ मात्र इथं नको. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरीच्या लोहयुगीन दफनांभोवती दगडांचं कडं असतं, तो शब्द त्या कड्याचा आहे.

आता विसंगती. मराठीत ती दोष सुचवते, बोलणं आणि वागणं यांचा मेळ नाही असं काहीतरी. चुंबकमापकाला दिसतो तो दोष नव्हे. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्लाचं आणि टेकाडाभोवतीच्या बुजलेल्या चरावर त्यात जेमतेम काही नॅनोटेस्लांची वाढ. वरच्या थरातली माती खालच्यापेक्षा जास्त चुंबकीय असते, ती चरात साचते, म्हणून. मी ‘चुंबकीय फरक’ लिहिते.

आणखी एक सूचना
‘ॲनॉमली’साठी ‘ठसा’ कसा वाटतो?

उत्तर
गोड आहे, पण ठसा म्हटला की तो कुणाचा हे ठरून जातं. हाच फरक शेतात पडलेल्या लोखंडी खिळ्यानंही येतो. विद्युतरोधाच्या, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याच्या, मोजणीतही तसंच: ओलसर चरात रोध कमी, दगडावर जास्त, पण दगड कुणी रचला की मुळातलाच, हे आकडा सांगत नाही. ते उत्खननात कळतं.

प्रश्न
मग उत्खननाला ‘खोदकाम’ म्हटलं तर?

उत्तर
कृपया नको, याबाबत मी हट्टी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कनिंग्टन आणि कोल्ट होअर या पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी इंग्लंडच्या विल्टशरमधली शेकडो टेकाडं उघडली, बहुधा मधोमध खड्डा घेऊन. त्याला खोदकाम म्हणा. उत्खननात मातीचा क्रम वाचायचा असतो. नेदरलँड्सचे पुरातत्त्वज्ञ व्हान गिफेन यांनी रुळवलेल्या पद्धतीत गोल टेकाडाचे चार भाग करतात, मध्ये न खोदलेल्या पट्ट्या राखतात, म्हणजे थर आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी सलग दिसतात. या पद्धतीला ‘चतकोर-पद्धत’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं. शब्द घरातला आहे, समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्नकर्ता
आभार. वाक्य असं केलं: ‘दफन-टेकाडाभोवती चुंबकीय फरकाचं कडं दिसलं, उत्खननात तो खंदक ठरला.’

उत्तर
‘खंदक’ काढा. तो किल्ल्याचा, शत्रूला अडवणारा. इथं चर खणला तो टेकाडाला माती मिळावी म्हणून आणि मृतांची जागा वेगळी राहावी म्हणून. ‘चर’च लिहा.