"वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही": माहिती अधिकार कायद्यातली ही दुरुस्ती कुणाच्या बाजूची?

बांधावरचा
आमच्या गावच्या घरकुल यादीत पत्र्याखाली राहणारी दोन घरं नाहीत, स्लॅबवाले मात्र आहेत. कुणाला किती हप्ते मिळाले, एवढंच माहिती अधिकारात विचारलं. उत्तर एका ओळीत आलं: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) छाटलं. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं. आधी नकार द्यायचा तर या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असं दाखवावं लागे. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथे लिहिलेलं होतं. आता उरलं फक्त 'वैयक्तिक माहिती'. सरकारी कागदावर माणसाचं नाव नसतं असं किती वेळा होतं? केंद्राच्या आधी तीन वर्षं, २००२ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या राज्यात ही वेळ यावी याचा मला संताप येतो.

शाळेतली बाई
मी या दुरुस्तीच्या बाजूने आहे. बदलीच्या भांडणातून एकाने माझ्या वैद्यकीय रजेची फाइल मागवली आणि कार्यालयाने झेरॉक्स काढून हातात दिली. माझा गर्भपात झाला होता, हे गावाला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं. तुमचं ते जुनं कलम तेव्हा होतंच की, आलं का माझ्या कामाला? खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं, तो आम्हा नोकरदारांनाही आहे. शिवाय कलम ८(२) कायम आहे. जनहित मोठं असेल तर माहिती आजही देता येते.

अपीलवाला
बाई, तुमच्याबाबतीत झालं ते जुन्या कलमातही बेकायदाच होतं. चूक माहिती देणाऱ्याची होती, कलमाची नव्हती. आणि ८(२) मध्ये 'देता येईल' आहे, 'द्यावीच लागेल' नाही. आधी जनहिताची अट कलमातच होती, जन माहिती अधिकाऱ्याला नकार देतानाच तिचा विचार करावा लागे. आता ते जनहित आपणच अपिलात ओरडून सांगायचं. राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाला किती काळ लागतो, ते ज्याने केलंय त्याला विचारा. त्यात भर नव्या डेटा कायद्यातल्या २५० कोटींपर्यंतच्या दंडाची. कोण कारकून माहिती द्यायला धजावेल?

कोडवाला
दंडाचं नीट वाचा. तो डेटा सांभाळणाऱ्या संस्थेवर आहे, कारकुनाच्या खिशावर नाही. भीती पसरवून आपणच त्यांना निमित्त देतोय.

मी डेटाच्याच कामात आहे, आणि हा कायदा हवाच होता. औषधाच्या दुकानात बिलाला मोबाइल नंबर, सोसायटीच्या गेटवर फोटो, कर्जाच्या अ‍ॅपला सगळी संपर्कयादी. विचारणारं कुणी नव्हतं. पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिने, म्हणजे मे २०२७. माहिती अधिकाराची कात्री मात्र पहिल्या दिवशी. हा क्रम मला पटत नाही. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही: डेटा फुटला तर भरपाई मागायचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३अ हा नवा डेटा कायदाच काढून टाकतो. दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत, ज्याचं नुकसान झालं त्याला काही नाही. शिवाय केंद्र सरकार हवी ती सरकारी यंत्रणा या कायद्यातून वगळू शकतं.

बांधावरचा
म्हणजे सरकारला माझं सगळं दिसणार, मला सरकारचं काही नाही. बाई, तुमची फाइल बाहेर जायला नको होती, त्याबद्दल वाद नाही. पण घरकुलाचा हप्ता आणि दवाखान्याचा कागद एकाच शब्दात बांधले, आणि डेटा कायद्यातली 'वैयक्तिक डेटा'ची व्याख्या कुठलीही माहिती ज्यावरून माणूस ओळखता येतो, इतकी सैल. याला संरक्षण कसं म्हणायचं?

शाळेतली बाई
शब्द सैल आहे, हे मान्य. तरी जुनं कलम जसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणणार नाही. आजार, रजेचं कारण, घरची भांडणं यांना नावानिशी कुलूप हवं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर मी पुन्हा विसंबणार नाही.

पण तुम्हाला मिळालेला नकार नव्या दुरुस्तीनंतरही टिकायला नको. माहिती अधिकाराच्या कलम ४ ला कुणी हात लावलेला नाही. अनुदानाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागताही जाहीर करायचा, असं तिथे आहे. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. त्यात फक्त नाव, हप्ता, तारीख मागा. आधार, बँक खातं, मोबाइल झाकून द्या, असं स्वतःच लिहा. कलम १० तेच सांगतं.

बांधावरचा
मी सरसकट 'सर्व कागदपत्रे' मागितली होती. उद्या पंचायत समितीत जाऊन अपील देतो, तुम्ही सांगितलंत तसंच लिहून.