करार कागदावरचा आणि दालचिनी हातातली

‘एवढ्याशा श्रीलंकेला करमाफी देऊन आपल्या हाती काय लागलं?’ हा एकाचा प्रश्न वाचून राहवलं नाही. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८मध्ये झाला आणि मार्च २०००पासून लागू झाला. तेव्हापासून आपण तिकडे पाठवतो तो माल तिकडून येणाऱ्या मालापेक्षा कितीतरी जास्त आहे. मग झुकतं माप नक्की कुणाला?

मिरीच्या बागायतदारांची तक्रार मात्र खरी. करमाफी मिळावी म्हणून व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येते, असं केरळ-कर्नाटकातले शेतकरी सांगत राहिले. शेवटी डिसेंबर २०१७मध्ये सरकारने किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावली. मालाचं मूळ तपासणं ढिलं पडलं की करार बदनाम होतो.

आणि दालचिनी! लालबागला मसाला करायला जाल तेव्हा दोन्ही मागून बघा. नेहमीची असते ती बहुतेक कॅशिया: जाड, कडक, एकाच सालीची. सिलोनची, म्हणजे श्रीलंकेची, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, चिमटीत चुरते, वास गोडसर. भाव ऐकून आई दरवेळी कचरते, पण दिवाळीच्या मसाल्याला तीच घेते.

२०२२मध्ये श्रीलंकेत इंधन, औषधं संपली, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत उभी केली. ती योग्यच होती. कोलंबो बंदरात जहाज बदलणाऱ्या कंटेनरांत मोठा वाटा आपल्याच मालाचा असतो. तिथलं बंदर अडलं तर इथल्या कारखानदाराचंही अडतं.